हिरवा दिवा आणि तुटलेले वाक्य

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि 'माझा आवाज येतोय का?' हा प्रश्न महाराष्ट्रातल्या शिक्षकांच्या तोंडी बसला. वर्गात उभे असताना हा प्रश्न विचारावा लागत नाही. शेवटच्या बाकावरचा चेहरा पाहिला की उत्तर मिळते. पडद्यासमोर तो चेहरा हरवतो. त्याची उणीव एखाद्या यंत्रणेने भरून काढावी अशी मग आपली अपेक्षा असते. विद्यापीठे, प्रशिक्षण केंद्रे, मोठी कार्यालये यांच्याकडे अशी यंत्रणा असते. एक संगणक दर काही मिनिटांनी प्रत्येक खोलीतल्या व्हिडिओ कॉन्फरन्सच्या यंत्राची विचारपूस करतो आणि नकाशावर हिरवा किंवा तांबडा दिवा लावतो.

ही व्यवस्था निरुपयोगी आहे, असे आमचे म्हणणे नाही. पण ती जे मोजते आणि आपण तिच्यावरून जे गृहीत धरतो, त्यांत मोठे अंतर आहे. दिवा हिरवा असतानाही वाक्य तुटत असते. असे का होते, कोणते मोजमाप हा दोष दाखवते आणि कोणते तो झाकते, याची चिकित्सा येथे करायची आहे. विषय तांत्रिक वाटला तरी त्याला लागणारे गणित शाळेतलेच आहे.

आवाज कसा जातो?

आधी आवाजाचा प्रवास थोडक्यात पाहू. बोललेला आवाज यंत्र बारीक तुकड्यांत कापते. एक तुकडा बहुधा २० मिलिसेकंदांचा, म्हणजे सेकंदाला ५० तुकडे. प्रत्येक तुकडा एका पाकिटात घातला जातो, पाकिटावर अनुक्रमांक आणि वेळ लिहिली जाते, आणि पाकिटे एकामागून एक रवाना होतात.

समजा, एक गोष्ट पोस्टकार्डांवर लिहून रोज एक कार्ड याप्रमाणे पाठवली, आणि घेणाऱ्यानेही रोज एक कार्ड न थांबता वाचायचे ठरवले. यात तीन प्रकारे बिघाड होऊ शकतो. कार्ड गहाळ होईल. सगळीच कार्डे उशिरा पोहोचतील. किंवा दोन दिवस काहीच न येता तिसऱ्या दिवशी तीन कार्डे एकदम येतील. नेटवर्कमध्येही हेच तीन दोष असतात: गळती, विलंब आणि अनियमितपणा. तिसऱ्याला तंत्रज्ञ 'जिटर' म्हणतात. त्यावर उपाय म्हणून ऐकणाऱ्याचे यंत्र थोडी पाकिटे साठवून ठेवते आणि मग सावकाश वाजवते. पण हा साठा वाढवला की विलंब वाढतो. साठ्यातली वेळ टळून गेल्यावर आलेले पाकीट हरवलेल्या पाकिटासारखेच निरुपयोगी असते.

विलंब किती चालतो? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ या शिफारशीनुसार एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असला, तर बहुतेक संभाषणांना अडचण येत नाही. ४०० च्या पुढे तो जाऊ नये. येथे लक्षात ठेवावे की प्रत्येक विलंब म्हणजे बिघाड नव्हे. सप्टेंबर २००४ मध्ये सोडलेल्या 'एज्युसॅट'सारखा भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. संदेश वर जाऊन खाली यायचा तर ७२,००० किलोमीटर होतात. प्रकाशाच्या वेगाने त्याला सुमारे २४० मिलिसेकंद लागतात, आणि कोणताही तंत्रज्ञ ते कमी करू शकत नाही.

'जागा आहेस का?'

देखरेखीचे सर्वांत साधे साधन म्हणजे 'पिंग'. माइक म्यूस या अमेरिकन तंत्रज्ञाने ते डिसेंबर १९८३ मध्ये लिहिले. पाणबुडी शोधणाऱ्या सोनार यंत्राच्या आवाजावरून त्याला हे नाव मिळाले. एका संगणकाने दुसऱ्याला साद घालायची आणि प्रतिसाद किती वेळात आला ते पाहायचे. चार दशकांनंतरही ते वापरात आहे, यातच त्याची गुणवत्ता दिसते. 'यंत्र बंद आहे' किंवा 'वायर निघाली आहे' हे त्याच्याइतके लवकर दुसरे कोणी सांगत नाही.

पण कॉन्फरन्सच्या यंत्राला दर मिनिटाला एक साद घालून आपण काय मिळवतो? त्या मिनिटात आवाजाची ३,००० पाकिटे गेली; आपण त्यांच्याशिवाय वेगळेच एक पाकीट पाठवून पाहिले. शिवाय जेथे आवाजाच्या पाकिटांना अग्रक्रम दिलेला असतो, तेथे पिंग एका रांगेत उभे असते आणि आवाज दुसऱ्या. अनेक राउटर स्वतःला आलेल्या पिंगला उत्तर देण्याचे काम सर्वांत शेवटी करतात. म्हणजे पिंग उशिरा आले तरी आवाज ठीक असू शकतो, आणि पिंग वेळेवर आले तरी आवाज तुटत असू शकतो. हजेरीत 'हजर' म्हटलेल्या मुलाला धडा समजला, असे आपण म्हणत नाही. येथेही तोच न्याय लावायला हवा.

पाच मिनिटांची सरासरी

दुसरे साधन अधिक गंभीर आहे, आणि त्याचा दोषही अधिक सूक्ष्म आहे. १९८८ मध्ये 'एसएनएमपी' ही पद्धत ठरली. तीनुसार प्रत्येक राउटर, स्विच किंवा कॉन्फरन्सचे यंत्र स्वतःजवळ मोजण्या ठेवते: किती बाइट आले, किती गेले, किती चुकीचे निघाले. देखरेखीचा संगणक अधूनमधून त्या वाचतो. इंग्लंडमधल्या लेस्टर शहरातील डी माँटफोर्ट विद्यापीठात १९९४ मध्ये टोबियस ओटिकर यांनी या मोजण्यांचे आलेख काढणारा 'एमआरटीजी' हा प्रोग्रॅम लिहायला घेतला. बाहेरच्या जगाशी जोडणारी तिथली ६४ किलोबिटची एकच लाइन किती भरते, हे पाहणे हा हेतू होता. त्यासाठी दर पाच मिनिटांनी वाचन पुरेसे होते, आणि हाच पाच मिनिटांचा प्रघात पुढे सगळीकडे पसरला.

लाइन वाढवावी की नाही हे ठरवायला पाच मिनिटांची सरासरी योग्यच आहे. आवाजाला मात्र ती लागू पडत नाही. एक साधे उदाहरण करू. एक लाइन २९७ सेकंद २० टक्के भरलेली आहे आणि ३ सेकंद पूर्ण १०० टक्के. कोणी तरी मोठी फाइल पाठवली असेल. पाच मिनिटांची सरासरी आली २०.८ टक्के. आलेख पाहणारा म्हणेल, लाइन चार पंचमांश मोकळी आहे. त्या तीन सेकंदांत रांगा भरल्या, पाकिटे टाकून दिली गेली आणि एक वाक्य नाहीसे झाले. आलेखावर त्याची खूण ०.८ टक्क्याची.

गळतीच्या टक्केवारीचेही असेच आहे. पाच मिनिटांत एका बोलणाऱ्याची १५,००० पाकिटे जातात. एक टक्का गळती म्हणजे १५० पाकिटे. ती विखुरलेली असली तर दर दोन सेकंदांना २० मिलिसेकंदांची एक फट पडते. आधीचाच आवाज किंचित लांबवून यंत्र ती बेमालूम बुजवते. तीच १५० पाकिटे सलग गेली तर तीन सेकंद शांतता. टक्केवारी दोन्हीकडे तीच.

मराठीत या तीन सेकंदांची किंमत जरा जास्तच आहे, कारण आपला नकार वाक्याच्या शेवटी येतो. 'हे विधान बरोबर नाही' यातला शेवटचा अर्धा सेकंद गेला तर उरते 'हे विधान बरोबर'. मूल तेच वहीत लिहून घेते आणि काही राहून गेले आहे, अशी शंकाही त्याला येत नाही. आम्हाला या प्रश्नाचे गांभीर्य येथे दिसते. पूर्ण बंद पडलेली तासिका पुन्हा घेता येते. अर्धवट ऐकू आलेली तासिका मात्र झाली असेच धरले जाते.

ऐकणाऱ्याची साक्ष

मग खरे मोजमाप कोणाकडे असते? ऐकणाऱ्याच्या यंत्राकडे. आवाज-चित्राची पाकिटे नेणाऱ्या 'आरटीपी' पद्धतीचा पहिला मसुदा जानेवारी १९९६ मध्ये आणि सुधारित मसुदा जुलै २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. तिच्यासोबत 'आरटीसीपी' नावाची एक जोडपद्धत आहे. तीत ऐकणारे यंत्र ठरावीक काळाने बोलणाऱ्याला कळवते: गेल्या अहवालानंतर किती अंश पाकिटे गळाली, एकूण किती गळाली, जिटर किती आहे.

या रचनेतल्या दोन गोष्टींचे आम्हाला विशेष कौतुक वाटते. पहिली, साक्ष योग्य माणसाची घेतली आहे. आपले बोलणे नीट पोहोचते की नाही हे बोलणाऱ्याच्या पडद्यावर दिसूच शकत नाही. तेथे सगळे स्वच्छच असते. घराघरांतल्या अनेक जोडण्यांत घेण्याची क्षमता मोठी आणि पाठवण्याची लहान असते. अशा घरात शिक्षकांचा आवाज छान येतो, पण मुलाने विचारलेला प्रश्न वाटेत विरतो. दोन्ही दिशा वेगवेगळ्या मोजल्याशिवाय हे कळत नाही. दुसरी गोष्ट, या पद्धतीने स्वतःवर मर्यादा घालून घेतली आहे. अहवालांनी एकूण क्षमतेच्या सुमारे पाच टक्क्यांहून जास्त जागा घेऊ नये आणि दोन अहवालांत साधारण पाच सेकंदांचे अंतर असावे, असे मसुदा सुचवतो. तपासणीच शिकवण्याच्या आड येऊ नये, हे तत्त्व शिक्षकांना समजावून सांगायला नको!

तरीही या साक्षीत फटी आहेत. जिटरचा आकडा काढताना जुना आकडा आणि नवा फरक यांतल्या अंतराचा फक्त सोळावा हिस्सा पुढे सरकायचे, असा नियम आहे. शून्यापासून सुरुवात करून एकदाच १६० मिलिसेकंदांचा धक्का बसला, तर आकडा होतो १०. त्यानंतरची पाकिटे पुन्हा समान अंतराने आली, तर प्रत्येक पाकिटागणिक तो पंधरा-सोळांश होत जातो. ५० पाकिटांनी, म्हणजे एका सेकंदात, त्यातला जेमतेम चार टक्के भाग उरतो. अहवाल निघतो पाच सेकंदांनी. धक्का तीन सेकंदांपूर्वीचा असेल तर अहवालात त्याचा मागमूसही नसतो. हा आकडा म्हणजे त्या क्षणापुरती झलक आहे, हे मसुद्यानेच स्पष्ट केले आहे. ती सूचना न वाचता त्यावर तांबड्या दिव्याची मर्यादा बसवणारे दोषी ठरतात, मसुदा नव्हे.

दुसरी फट अधिक महत्त्वाची आहे. या हिशेबात उशिरा आलेले पाकीट 'मिळाले' असेच धरले जाते. ऐकणाऱ्याच्या यंत्राने ते वेळ टळली म्हणून फेकून दिले, तरी गळती शून्यच दिसते. नोव्हेंबर २००३ मध्ये या अहवालांना एक पुरवणी जोडली गेली. तीत फेकून दिलेल्या पाकिटांचे प्रमाण वेगळे आहे, आणि गळती विखुरलेली की सलग, हेही सांगण्याची सोय आहे. म्हणजे वर आपण सरासरीवर घेतलेला आक्षेप तज्ज्ञांनी दोन दशकांपूर्वीच ओळखला होता. अडचण ज्ञानाची नसून, ती मोजमापे चालू करून वाचण्याच्या तसदीची आहे.

मांडणी कशी असावी?

या चिकित्सेतून आम्ही चार गोष्टी सुचवतो. पिंग आणि एसएनएमपी ठेवावे, पण 'यंत्र चालू आहे' एवढाच त्याचा अर्थ लावावा. मोठी लाइन मोजायची तर ३२ बिटांची जुनी मोजणी वापरू नये. सेकंदाला एक गिगाबिट वेगाने ती सुमारे ३४ सेकंदांत भरून पुन्हा शून्यावर येते, आणि पाच मिनिटांनी वाचलेल्या आकड्याला अर्थ उरत नाही. ६४ बिटांची मोजणी घ्यावी. आवाजाची गुणवत्ता ऐकणाऱ्याच्या यंत्राकडून, दोन्ही दिशांनी, गळती आणि फेकलेली पाकिटे वेगवेगळी करून घ्यावी. संभाषण मधल्या सर्व्हरमार्गे जात असेल तर दोन्ही टप्पे मोजावेत, कारण सर्व्हरपर्यंतचा अहवाल चांगला असणे म्हणजे मुलापर्यंतचा चांगला असणे नव्हे. आणि सरासरीबरोबर सर्वांत वाईट काही सेकंदही नोंदवावेत.

एक इशारा मात्र द्यायला हवा. नेटवर्कवरची देखरेख माणसांवरच्या पाळतीत घसरू शकते. झूम या प्रोग्रॅममध्ये सहभागी माणसाचे लक्ष पडद्यावर आहे का, हे यजमानाला सांगणारी एक सोय होती. टीका झाल्यावर एप्रिल २०२० मध्ये ती काढून टाकण्यात आली. आरटीसीपी पाकिटे मोजते, ती उघडून आत काय आहे ते वाचत नाही. ही सीमारेषा पाळावी.

वर्गात एक प्रयोग जरूर करून पाहावा. शंभर शब्दांचा उतारा घ्या. एका प्रतीत दर विसावा शब्द खोडा, दुसऱ्या प्रतीत कोणतेही सलग पाच शब्द, शक्यतो एखादे पूर्ण विधान. दोन्हींत गळती पाच टक्केच आहे. दोन गटांना एकेक प्रत द्या, उताऱ्यावर तेच प्रश्न विचारा आणि उत्तरे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. त्यानंतर विद्यार्थ्यांनाच विचारा: 'पाच टक्के' हा आकडा या दोन प्रतींविषयी आपल्याला काय सांगतो, आणि काय सांगत नाही?