गुडघ्याची वाटी ‘झिजते’ म्हणजे काय?

‘गुडघ्याची वाटी झिजली’, ‘सांध्यातले वंगण संपले’ ही वाक्ये मराठी घरांत इतकी रुळली आहेत की ती तपासावीत असे कुणाला वाटत नाही. त्यांचे मूळ काही अंशी शाळेतही आहे. गुडघा हा बिजागरीचा सांधा, असे आपण शिकवतो आणि वर्गाचे दार उघडून दाखवतो. हालचालीची दिशा समजावण्यास ही उपमा चांगलीच आहे. पण बिजागरी वापराने झिजते आणि कमी वापरली तर जास्त टिकते, हा अर्थही तिच्याबरोबर मनात शिरतो. उतारवयात गुडघा दुखू लागला की माणूस तोच अर्थ प्रमाण मानून चालणे सोडतो. म्हणून या उपमेची चिकित्सा करणे आम्हांला गरजेचे वाटते.

आधी तिच्यातले तथ्य पाहू. वाटी हे गुडघ्यापुढचे हाड आहे. खराब होते ती मुख्यतः हाडांच्या टोकांवरची कूर्चा, म्हणजेच कास्थी. हा गुळगुळीत थर साधारण २ ते ४ मिलिमीटर जाडीचा असतो. त्यात रक्तवाहिन्या नसतात आणि पेशी फार थोड्या असतात. त्यामुळे त्याची जखम सहसा भरून येत नाही. विल्यम हंटर यांनी १७४३ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात हे नोंदवले होते. तेवढ्यापुरती ‘झीज’ खरी.

पुढे मात्र उपमा लंगडी पडते. कूर्चा जिवंत आहे. तिच्या वजनाचा सुमारे ६५ ते ८० टक्के भाग पाणी असतो. पाऊल टेकले की दाबाने थोडा द्रव बाहेर पडतो, पाऊल उचलले की आत येतो. रक्तपुरवठा नसलेल्या या पेशींपर्यंत सांध्यातल्या द्रवामधून पोषण पोहोचते आणि या दाबण्या-सोडण्याचा त्याला हातभार लागतो. मज्जारज्जूला इजा होऊन ज्यांच्या पायांची हालचाल थांबली, अशा रुग्णांची गुडघ्यातली कूर्चा हळूहळू पातळ होत जाते, असे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. न वापरलेली बिजागरी अशी पातळ होत नाही.

दुसरे असे की, लठ्ठ माणसांत हाताच्या बोटांच्या सांध्यांचा ऑस्टिओआर्थ्रायटिसही अधिक आढळतो. बोटांवर तर शरीराचा भार नसतो. म्हणजे घासण्याखेरीज दाहकारक रसायने आणि कूर्चा तोडणारी विकरेही यात गुंतलेली आहेत. तिसरे, कूर्चेत वेदनेच्या चेतातंतू नसतात. वेदना हाड, सांध्याचे अस्तर, आसपासच्या ऊती यांतून येते. एक्स-रेत कूर्चा दिसतही नाही, दिसते ती हाडांमधली फट. ती अरुंद असूनही न दुखणारे गुडघे पुष्कळ असतात. आणि ‘वंगण संपले’ म्हणावे, तर दुखऱ्या गुडघ्यात द्रव अनेकदा वाढलेलाच असतो. त्यालाच आपण ‘पाणी झाले’ म्हणतो!

यंत्राच्या कल्पनेने उपचारही सुचवले. खडबडीत झालेला भाग दुर्बिणीतून तासावा, सांधा धुऊन काढावा, ही शस्त्रक्रिया त्यांतलीच. अमेरिकेत ह्यूस्टन येथे मोझली व सहकाऱ्यांनी १८० रुग्णांचे तीन गट केले. एका गटाची कूर्चा तासली, दुसऱ्याचा सांधा फक्त धुतला, तिसऱ्याच्या त्वचेवर नुसते छेद दिले. दोन वर्षांनंतरही तिन्ही गटांच्या वेदनेत फरक नव्हता. हा निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णालय एकच, शल्यविशारद एकच, रुग्ण बहुतेक पुरुष, हे आक्षेप रास्त होते. पण २००८ मध्ये कॅनडातील चाचणीतही, भौतिकोपचार व औषधे यांना या शस्त्रक्रियेची जोड देऊन जास्त लाभ दिसला नाही.

मग व्यायाम हा रामबाण आहे का? येथेही तोच निकष लावला पाहिजे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत १५६ रुग्णांपैकी भौतिकोपचार घेतलेल्यांची स्थिती वर्षअखेर स्टिरॉइडचे इंजेक्शन घेतलेल्यांपेक्षा चांगली होती. पण डेन्मार्कमधील २०६ रुग्णांच्या चाचणीत आठ आठवड्यांचा व्यायाम व शिक्षण यांनी जेवढी वेदना कमी झाली, तेवढीच सांध्यात नुसते मिठाचे पाणी टोचूनही झाली. आणि ते मिठाचे पाणी आहे हे रुग्णांना ठाऊक होते. म्हणजे व्यायामाने मिळणाऱ्या आरामात अपेक्षेचा, मिळालेल्या लक्षाचा आणि दुखणे आपोआप कमी-जास्त होण्याचाही वाटा असू शकतो. गेलेली कूर्चा व्यायामाने परत येते, असेही सिद्ध झालेले नाही. तरीही मांडीचे स्नायू बळकट होणे, जिना चढता येणे, वजन व रक्तशर्करा आटोक्यात राहणे हे लाभ मिठाच्या पाण्यातून मिळत नाहीत. व्यायामाची शिफारस या पायावर करावी, चमत्काराच्या नव्हे.

बिजागरीचे उदाहरण वर्गातून काढून टाका, असे आमचे म्हणणे नाही. दार उघडून दाखवल्यावर आणखी एक प्रश्न विचारावा : बिजागरी आणि गुडघा यांत फरक कोणते? ओला स्पंज दाबून-सोडून दाखवावा आणि स्पंजाची उपमाही कुठे अपुरी पडते ते मुलांनाच शोधू द्यावे. मार बसून सुजलेला किंवा अडकलेला गुडघा आधी डॉक्टरांना दाखवायचा, हेही सांगावे. मग घरी कुणी ‘वाटी झिजली, आता चालायचे नाही’ म्हणाले, तर ‘किती चालायचे ते भौतिकोपचारतज्ज्ञांना विचारू या’ असे एखादी विद्यार्थिनी आजीला सांगू शकेल.