विडी सुटली, चहा तोच: ३६ टक्क्यांचा आकडा कसा वाचायचा?

पेट देऊन सिनॉप्सिसच्या तयारीत असाल, तर ‘तंबाखू सोडल्यावर कॅफिन अंगात जास्त वेळ राहतं’ हे वाक्य लिहिण्याआधी जरा थांबा. त्यातला ‘तंबाखू’ हा शब्दच गडबड करतो.

कॅफिन मोडण्याचं मुख्य काम यकृतातलं सीवायपी१ए२ हे एन्झाइम करतं. धुरातली पॉलिसायक्लिक हायड्रोकार्बन्स ते वाढवतात, निकोटिन नाही. म्हणजे चुना लावून दाढेखाली धरलेल्या तंबाखूकडून हा परिणाम अपेक्षित नाही. आणि २०१६-१७ च्या गॅट्स पाहणीत महाराष्ट्रात ओढणारे ३.८ टक्के, तर धुराशिवाय तंबाखू घेणारे २४.४ टक्के! जळगाव-धुळ्यात नमुना घेताना ‘तंबाखू सोडलेले’ असा एकच रकाना ठेवलात, तर खरा परिणाम त्या गर्दीत बुडेल. (मिश्री भाजून करतात, तिचा रकाना वेगळाच ठेवा.)

आता मूळ पेपर. फाबर आणि फूर यांचा, २००४ चा. माणसं फक्त १२, सगळी रोज २० किंवा जास्त सिगारेटी ओढणारी. चौथ्या दिवसापर्यंत कॅफिनचं क्लिअरन्स सरासरी ३६.१ टक्क्यांनी घटलं. बदल किती भराभर होतो हे या कामाने दाखवलं, ती त्याची खरी ताकद. पण पुढे सांगणारे ‘३६ टक्के कमी, म्हणजे कॅफिन ३६ टक्के जास्त’ असं लिहून मोकळे होतात. गणित करा ना: १ भागिले ०.६४. चहा तेवढाच राहिला तर रक्तातली पातळी साधारण ५६ टक्क्यांनी वाढते.

बेनोविट्झ यांच्या १९८९ च्या कामात ही वाढ दुपटीहून जास्त होती, आणि सहा महिने टिकली. तिथे लोक आपापल्या घरी, आपल्या सवयीने पीत होते. दोन्ही आकडे एका ओळीत ठेवून सरासरी काढू नका बरं का.

धडधड, चिडचिड, झोप उडणं ही लक्षणं कॅफिनचीही आणि निकोटिन सुटल्याचीही. दिवसाला आठ कट घेणारा माणूस विडी सोडतो, चार रात्री झोपत नाही, ‘सोडणं झेपत नाही’ म्हणून पुन्हा पेटवतो. म्हणून प्रश्नावलीत चहाचे कप विचाराच. आणि दम्यासाठी थिओफायलिन चालू आहे का, हेही: तेही याच एन्झाइमने मोडतं, आणि त्यात उपचाराच्या आणि विषारी पातळीतलं अंतर फार थोडं असतं.