खोट्या सुयांनीही बरं वाटतं तेव्हा: जेरॅक चाचणी कशी वाचायची?

‘अॅक्युपंक्चरचा उपयोग होतो का?’ हा प्रश्न संशोधनाच्या दृष्टीने अर्धाच आहे. ‘कशाच्या तुलनेत?’ हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर देता येत नाही. कंट्रोल गट कसा निवडायचा यावर तुम्ही सध्या डोकं खाजवत असाल, तर जर्मनीतल्या जेरॅक चाचणीचा कंबरदुखीवरचा पेपर जरूर वाचा. २००७ साली तो ‘आर्काइव्ह्ज ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये आला.

आधी थोडी ओळख. अॅक्युपंक्चर या चिनी उपचारात शरीरावरच्या ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचतात. ‘ची’ नावाची ऊर्जा ठरलेल्या मार्गांनी वाहते आणि सुयांनी तिचा प्रवाह सुधारतो, असं परंपरा मानते. सुई इंजेक्शनच्या सुईपेक्षा बरीच बारीक आणि भरीव असते, त्यामुळे टोचताना बहुतेकांना मुंगी चावल्याइतकंच जाणवतं. मग सुई हलवली की आत जडपणा, बधिरपणा किंवा पसरत जाणारा ठणका येतो. याला ‘दे ची’ म्हणतात. सुई नीट लागल्याची ती खूण समजली जाते.

आता चाचणीकडे वळू. सरासरी ८ वर्षं कंबरदुखी असलेले १,१६२ रुग्ण चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गटांत वाटले गेले. पहिल्या गटाला खरं अॅक्युपंक्चर मिळालं: योग्य बिंदू, ५ ते ४० मिलिमीटर खोली, शिवाय ‘दे ची’. दुसऱ्याला खोटं: तितक्याच सुया, पण बिंदू सोडून भलतीकडे, १ ते ३ मिलिमीटर खोल आणि न हलवता. तिसऱ्या गटाला औषधं, फिजिओथेरपी आणि व्यायाम. सहा महिन्यांनी सुधारलेल्यांचं प्रमाण असं होतं: खऱ्या सुया ४७.६ टक्के, खोट्या सुया ४४.२ टक्के, नेहमीचे उपचार २७.४ टक्के.

इथे थांबा आणि निष्कर्षाचं वाक्य तपासा. लेखक म्हणतात, खरं असो वा खोटं, अॅक्युपंक्चरची परिणामकारकता नेहमीच्या उपचारांच्या ‘जवळजवळ दुप्पट’ आहे. भागाकार करून बघा. खऱ्या सुयांसाठी उत्तर येतं १.७४, खोट्यांसाठी १.६१. याला दुप्पट म्हणणं जरा सैलच झालं. सारांशातल्या विशेषणाशेजारी आकडा लिहून बघायची सवय आत्ताच लावून घ्या.

दुसरा मुद्दा ब्लाइंडिंगचा. खऱ्या आणि खोट्या सुयांमधला फरक रुग्णाला माहीत नव्हता, टोचणाऱ्या डॉक्टरला होता. डॉक्टरचा विश्वास कळत-नकळत रुग्णापर्यंत पोचला असेल, तर फायदा खऱ्या गटाला मिळायला हवा. तरीही फरक ३.४ टक्क्यांचाच! म्हणजे हा दोष असूनही निकाल अॅक्युपंक्चरच्या सिद्धांताच्या बाजूने झुकला नाही. पूर्वग्रह सापडला की तेवढ्यावर पेपर बाद करू नका. तो निकालाला कोणत्या दिशेला ढकलतो ते बघा.

तिसऱ्या गटाची अडचण मोठी आहे. आपल्याला सुया मिळाल्या नाहीत, हे त्या रुग्णांना उघड माहीत होतं. वर्षानुवर्षं दुखणं सोसलेल्या माणसाला पुन्हा गोळ्या आणि व्यायामच मिळाले, तर त्याची अपेक्षा किती असणार? म्हणून २७.४ आणि ४४.२ मधल्या दरीत सुयांचा वाटा किती आणि अपेक्षेचा किती, हे या आराखड्यातून वेगळं काढता येत नाही. शिवाय ठरलेल्याबाहेरचे उपचार घेतलेला रुग्ण थेट ‘सुधारला नाही’ या खान्यात गेला. नाराज गटात असं जास्त घडू शकतं.

आणि खोटी सुई खरंच निष्क्रिय होती का? ती कातडीत शिरतच होती. आत न शिरता मुठीत सरकणारी बोथट सुई श्ट्राइटबर्गर यांनी १९९८ मध्येच मांडली होती. दुसरं म्हणजे, ३.४ टक्क्यांची विश्वासमर्यादा उणे ३.७ ते अधिक १०.३ आहे. म्हणजे लहानसा खरा फरक नाकारलेला नाही, तो सापडला नाही एवढंच. २०१२ मध्ये व्हिकर्स आणि सहकाऱ्यांनी १७,९२२ रुग्णांची माहिती एकत्र केली, तेव्हा पाठ-मानदुखीत खऱ्या सुया खोट्यांपेक्षा सुमारे ०.२३ प्रमाणित विचलनाने सरस ठरल्या. सुया न घेतलेल्यांच्या तुलनेत हाच आकडा ०.५५ होता. फरक आहे, पण बिंदूंच्या नकाशाला श्रेय द्यावं इतका मोठा नाही.

तरीही जर्मनीत २००७ पासून जुनाट कंबरदुखी आणि गुडघ्याच्या संधिवातासाठी सार्वजनिक आरोग्य विमा अॅक्युपंक्चरचा खर्च देऊ लागला. विमा मंडळाचा प्रश्न होता, ‘रुग्णाला आराम पडतो का?’ आणि शास्त्रज्ञाचा, ‘सुई त्याच बिंदूवर लागते म्हणून पडतो का?’ एकाच तक्त्यातून पहिल्याला बऱ्यापैकी ‘हो’ आणि दुसऱ्याला बऱ्यापैकी ‘नाही’ मिळतं. तुमच्या प्रस्तावात यातला कोणता प्रश्न आहे, ते आधी एका वाक्यात लिहा. कंट्रोल गट त्यानंतर ठरवा.