हौशी छायाचित्रकाराचें शिक्षण

कोणत्याही हौशी कलामंडळाची परीक्षा त्याच्या पारितोषिकांच्या यादीवरून होत नाहीं. त्या मंडळांत पांच वर्षें राहिलेल्या सभासदास पूर्वीं न दिसणारें असें काय दिसूं लागलें, यावरूनच ती व्हावयास हवी. जालन्यास छायाचित्रणाची हौस असलेल्या मंडळींच्या एका बैठकीस बसण्याचा योग आम्हांस नुकताच आला, त्या वेळीं हा विचार मनांत घोळूं लागला. बैठकीचा क्रम सर्वत्र असतो तसाच होता. महिनाभर आधीं एक विषय दिलेला. प्रत्येकानें त्यावर एक चित्र आणलेलें. तीं चित्रें एकामागून एक पडद्यावर दाखविलीं जात होतीं आणि एक अनुभवी गृहस्थ त्यांचे गुणदोष सांगत होते. मोती तलावावरील संध्याकाळचें एक चित्र सर्वांस विशेष आवडलें. क्षितिजाची रेषा मध्यावर न घेतां खालच्या तिसऱ्या भागावर घेतली आहे, पाण्यांतील प्रतिबिंब कोठें तुटलेलें नाहीं, जाळें टाकणारा एकटा माणूस नेमका डाव्या बाजूस आहे, अशी स्तुति झाली. आणि ती खोटी नव्हती. परंतु तो माणूस कोण, तलावाचें पाणी त्या महिन्यांत कोठवर उतरलें होतें, हें कोणीं विचारलें नाहीं. तें चित्र उदयपुराकडील आहे असें सांगितलें असतें, तरी त्या स्तुतींतील एकही शब्द बदलावा लागला नसता.

आमचा आक्षेप आहे तो येथें. मंडळींच्या कौशल्यावर तो नाहीं. जें शिकावयाचें त्याच्या कल्पनेवर आहे. हा आक्षेप नवेपणाच्या द्वेषानें घेतलेला नाहीं हें दिसावें, म्हणून आपल्या प्रांतांतील पहिल्या हौशी छायाचित्रकारांचें काम पुढें ठेवून पाहूं. त्यांत अनुकरणीय असें पुष्कळ आहे, आणि ज्यापासून सावध राहावें असेंही थोडें नाहीं.

लंडन येथील छायाचित्रण-संस्था १८५३ सालीं निघाली. तिच्या मागोमाग एकाच वर्षानें, म्हणजे १८५४ सालीं, मुंबईस ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली. कलकत्ता व मद्रास येथील संस्था यानंतरच्या, १८५६ च्या. मुंबईच्या संस्थेंत इंग्रज अधिकाऱ्यांबरोबर डॉ. भाऊ दाजी आणि त्यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे होते. नारायण दाजी स्वतः कुशल छायाचित्रकार होते. १८५५ पासून संस्थेचें स्वतंत्र नियतकालिक निघूं लागलें, आणि त्याच सुमारास एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें छायाचित्रणाचा वर्गही उघडला. त्या वर्गांत शिकून पुढें हा व्यवसाय करणाऱ्यांत हरिश्चंद्र चिंतामण यांचें नांव प्रसिद्ध आहे.

त्या काळीं छायाचित्र घेणें म्हणजे खटपट केवढी, हें आज ध्यानांत येणें कठीण. १८५१ सालीं फ्रेडरिक आर्चर यानें प्रसिद्ध केलेल्या ओल्या कलोडियनच्या पद्धतींत कांचेवर चिकट द्रवाचा सारखा थर ओतावयाचा, ती कांच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणांत बुडवावयाची, ओली असतांनाच कॅमेऱ्यांत बसवावयाची, आणि थर वाळण्यापूर्वीं अंधाऱ्या तंबूंत नेऊन तिच्यावरील चित्र उठवावयाचें. हें सर्व दहा-पंधरा मिनिटांत उरकावें लागे. आपल्याकडील उन्हाळ्यांत तेवढीही सवड मिळत नसे. अशा स्थितींत एकेक कांच वाया जाणें म्हणजे एकेक धडाच. म्हणून या संस्थांच्या नियतकालिकांतून रसायनें, उष्णता, धूळ व प्रकाश यांची जी चर्चा चाले, तिला केवळ तांत्रिक म्हणून हिणवूं नये. कांच वाया कां गेली हें दहा जणांनीं मिळून शोधणें, हें हौशी मंडळाचें पहिलें खरें शिक्षण होय. आजच्या बैठकींत केवळ साधलेलें चित्र येतें. फसलेलें चित्र कोणी आणीत नाहीं. आणि त्यामुळें शिकावयाचें अर्धें घरींच राहतें.

या संस्थेच्या आश्रयानें विल्यम जॉन्सन व विल्यम हेंडर्सन यांनीं १८५६ ते १८५८ या काळांत ‘इंडियन अ‍ॅमॅचर्स फोटोग्राफिक आल्बम’ प्रसिद्ध केला. दरमहा निघणाऱ्या अंकांत मूळ छायाचित्रांच्या प्रती डकविलेल्या असत आणि सोबत माहितीचा मजकूर असे. मुंबईंतील इमारती, देवळें व लेणीं यांबरोबर शहरांत राहणाऱ्या नाना जातींचे व धंद्यांचे लोक त्यांत आले. या प्रकाशनाचा मोठा गुण असा कीं, त्यांत चित्र एकटें उभें राहत नाहीं. त्याला शेजार आहे, आणि त्याच्याजवळ शब्द आहेत. वाचकाला काय पाहत आहों हें कळतें, आणि सर्व अंक एकत्र ठेवले म्हणजे एका शहराचा चेहरा हळूंहळूं आकार घेऊं लागतो.

परंतु याच आल्बमांत एक मोठा दोष आहे. इमारतीला जसें तिचें नांव दिलें जातें, तसें माणसाला दिलें जात नाहीं. त्याची जात किंवा धंदा हेंच त्याचें नांव. समोर उभा असलेला माणूस एका वर्गाचा नमुना म्हणून उभा आहे. तो कोणाचा तरी बाप किंवा भाऊ आहे, हें मजकुरास ठाऊक नाहीं. ही दृष्टि केवळ परकीय राज्यकर्त्यांची होती असें म्हणून आपणांस सुटतां यावयाचें नाहीं. मोती तलावावरील तो जाळें टाकणारा माणूस आमच्या बैठकींतही बिननांवाचाच राहिला. १८५६ सालीं तो जातीचा नमुना झाला असता, आज तो रचनेचा एक ठिपका झाला, एवढाच काय तो फरक.

या दोषाची परिणति पुढें स्पष्ट दिसते. याच जॉन्सननें १८६३ व १८६६ सालीं मुंबईंतील रहिवासी व पाहुणे यांच्या नाना जातींविषयीं ‘ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्स’ या नांवाचा दोन भागांचा ग्रंथ काढला. पूर्वींच्या आल्बमांतील लोकांच्या आकृति त्यांत पुन्हां आल्या. पण आतां त्या मूळ जागेवरून कापून निराळ्या दृश्यांवर चिकटविलेल्या होत्या. एका ठिकाणीं उभी राहिलेली माणसें दुसऱ्याच ठिकाणीं उभीं असल्यासारखीं दिसूं लागलीं. कामांतील हस्तकौशल्य नाकारण्याचें कारण नाहीं, आणि ग्रंथ देखणा झाला हेंही खरें. तरीपण ज्या एका गोष्टीसाठीं छायाचित्रावर आपण विश्वास ठेवतों, म्हणजे हा माणूस त्या घटकेस त्या जागीं होता, तीच गोष्ट येथें कात्रीखालीं गेली. माणूस नमुनाच असेल, तर तो कोठें उभा आहे याला काय महत्त्व? नांव गेलें म्हणजे जागाही जाते, हा या दोन ग्रंथांचा एकत्र वाचलेला धडा आहे. आज तीच कात्री संगणकांत आली आहे. निरभ्र आकाशांत ढग भरणें किंवा जवळचा विजेचा खांब पुसून टाकणें हें क्षणाचें काम झालें आहे. मंडळानें हें काम खुशाल शिकवावें; मात्र तें केलें असल्यास तसें सांगण्याची शिस्तही त्याच बैठकींत लावावी.

आतां जालन्याच्या अधिक जवळ येऊं. अजिंठ्याचीं लेणीं छत्रपति संभाजीनगर जिल्ह्यांत असलीं, तरी जालना जिल्ह्यांतील भोकरदन तालुक्याहून तीं फार दूर नाहींत. मद्रास सैन्यांतील अधिकारी रॉबर्ट गिल यास १८४४ सालीं तेथील भित्तिचित्रांच्या नकला करण्याच्या कामावर नेमण्यांत आलें. त्यानें वर्षानुवर्षें खपून केलेल्या तैलचित्रांपैकीं बहुतेक लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसमध्यें १८६६ सालीं लागलेल्या आगींत जळून गेलीं. त्यानंतर मुंबईच्या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनीं जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखालीं नव्या नकला केल्या. त्यांतीलही पुष्कळ १८८५ सालीं लंडनमध्येंच आगीच्या भक्ष्यस्थानीं पडल्या. गिलनें मध्यंतरीं कॅमेरा हातीं घेतला होता. १८६४ सालीं त्याच्या छायाचित्रांचीं दोन पुस्तकें निघालीं. त्यांतील एकांत हिंदुस्थानांतील कोरीव लेण्यांचीं ७४ चित्रें असून दुसऱ्यांत दुहेरी भिंगांतून पाहण्याचीं १०० चित्रें आहेत. दोहोंचें वर्णन जेम्स फर्ग्युसन यानें लिहिलें. गिल सरकारी कामावरचा माणूस होता, त्यास हौशी म्हणतां येणार नाहीं. पण निळीचा व्यापार करतां करतां आपल्या स्थापत्याचा अभ्यासक बनलेला फर्ग्युसन हा मात्र हौसेंतूनच वर आलेला.

गिलच्या कामांतून शिकावें तें असें कीं, त्यास आपल्या साधनाची मर्यादा ओळखून वागावें लागलें. कलोडियनची कांच निळ्या प्रकाशास झटकन दाद देते, तांबड्यास जवळजवळ देतच नाहीं. अजिंठ्याच्या भिंतींवरील गेरूचा तांबडा रंग तिच्यावर काळा पडावयाचा, आणि त्यांत लेण्यांतील अंधाराची भर. म्हणून रंगासाठीं कुंचला आणि खांब, तोरणें, दर्शनी भाग यांसाठीं कॅमेरा, अशी वांटणी भाग होती. दैवाची गति अशी कीं, मोठीं म्हणून गणलेलीं तैलचित्रें जळालीं, आणि साधीं दिसणारीं छायाचित्रें एकाहून अधिक प्रती निघाल्यामुळें राहिलीं. पुढें याच निजामी मुलखाच्या पुराणवस्तु-खात्यानें गुलाम याझदानी यांच्या संपादकत्वाखालीं अजिंठ्याचे जे चार भाग १९३० ते १९५५ या काळांत प्रसिद्ध केले, ते छायाचित्रणाच्याच आधारानें. साधन सुधारलें तेव्हां कुंचल्याचें कामही कॅमेऱ्यास करतां आलें.

यावर कोणी म्हणेल कीं, हौस ती हौस; दिवसभर दुकान किंवा कचेरी सांभाळून रविवारीं कॅमेरा घेऊन निघालेल्या माणसाच्या खांद्यावर इतिहासाचें ओझें कशाला? आक्षेप रास्त आहे. प्रत्येक सभासदानें पुराणवस्तु-खात्याचा कारकून व्हावें असें आमचें म्हणणें नाहीं. आणि वांकडें-तिकडें, अंधुक चित्र नोंद म्हणूनही निरुपयोगीच ठरतें, हें आम्ही जाणतों. रचनेचे नियम हें या कलेचें व्याकरण आहे, आणि तें आलेंच पाहिजे. पण व्याकरण शुद्ध असणें आणि बोलण्यासारखें कांहीं जवळ असणें, या दोन भिन्न गोष्टी आहेत. शिवाय, ज्या वस्तूविषयीं आपणांस माहिती आहे ती वस्तु डोळ्यास अधिक दिसते, हा अनुभव सर्वांचाच आहे. म्हणून माहितीनें आनंद उणावतो, ही भीति व्यर्थ आहे.

जालना जिल्ह्यांतच असईचें रणांगण आहे. १८०३ च्या सप्टेंबरांत तेथें मराठे व इंग्रज यांची जी लढाई झाली, तिनें दक्षिणेचें भवितव्य पालटलें. आज तेथें शेतें आहेत. उत्तम प्रकाशांत उत्तम चित्र घेतलें आणि खालीं एक ओळ लिहिली नाहीं, तर पाहणाऱ्यास हिरवें शिवार एवढेंच दिसेल. त्याच्या उलट उदाहरण मोसंबीच्या बागांचें. २०१२-१३ च्या दुष्काळांत या जिल्ह्यांतील कित्येक बागा वाळून गेल्या. कोणा हौशी गृहस्थानें त्यापूर्वीं एखाद्या बागेचें साधें चित्र काढून मागें गांव, दिनांक आणि मालकाचें नांव लिहून ठेवलें असेल, तर त्याच्यापुढें कितीही पदकें फिकीं पडतील. कारण तें चित्र आतां पुन्हां काढतां यावयाचें नाहीं. जालन्याचे लोखंडाचे कारखाने, बियाण्यांचा व्यापार, जुन्या छावणीच्या खुणा, अन्व्याचें प्राचीन देऊळ, हें सारें रोज डोळ्यांसमोर आहे. आणि मंडळींच्या सहली निघतात त्या मात्र लडाख व राजस्थानाकडे. काखेंत कळसा आणि गांवाला वळसा, म्हणतात तो हाच.

तेव्हां मंडळांस आमची सूचना थोडक्यांत अशी. मासिक विषयाबरोबर एक कायमची जागा नेमावी, आणि वर्षांतून निदान तीन वेळां तेथें परत जावें. बैठकींत एकेका चित्राऐवजीं एकाच विषयाचीं चार-पांच चित्रें मांडावीं, त्यांत एक फसलेलें अवश्य असावें. प्रत्येक चित्राखालीं ठिकाण, दिनांक, आणि ज्याचें चित्र घेतलें त्याचें नांव त्याच्या संमतीनें लिहावें. वर्षअखेर त्यांतील निवडक चित्रांचा कागदावर छापलेला संग्रह करून त्याची एक प्रत गांवच्या ग्रंथालयांत ठेवावी. कारण गिलच्या बाबतींत पाहिलें त्याप्रमाणें, जें एकाहून अधिक ठिकाणीं असतें तेंच टिकतें.

मोती तलावावरील तें चित्र चांगलें होतें, हें आम्ही आरंभींच म्हटलें आहे. तें घेणारे गृहस्थ पुन्हां तलावावर जातील, जाळें टाकणाऱ्यास त्याचें नांव विचारतील आणि चित्राची एक प्रत त्याच्या हातीं देतील, तर त्या दिवशीं त्यांच्या शिक्षणास खरा आरंभ झाला असें आम्ही समजूं.