ब्लेझ बेलीची पट्टी

आयर्न मेडनचे चाहते कशावरूनही भांडतील, पण एका मुद्द्यावर त्यांचं पटकन एकमत होतं: नव्वदच्या दशकाचा उत्तरार्ध वाया गेला. कारण विचारलं की एकच नाव पुढे येतं, ब्लेझ बेली. 1993मध्ये ब्रूस डिकिन्सनने बँड सोडला, ब्लेझ आला, दोन अल्बम झाले, 1999मध्ये ब्रूस आणि गिटारिस्ट एड्रियन स्मिथ परतले आणि गाडी रुळावर आली. गोष्ट अशी सांगितली जाते. या दोनातला पहिला अल्बम, 1995चा ‘द एक्स फॅक्टर’, सलग ऐकला तर ही गोष्ट पटेनाशी होते.

आधी आवाजाबद्दल. ब्रूसचा आवाज तार सप्तकात घर करून राहतो. ‘द नंबर ऑफ द बीस्ट’मधली ती लांबलचक किंकाळी आठवा. ब्लेझचा आवाज खालचा, भरड, थोडा धुरकट. बँडला हे माहीत नव्हतं असंही नाही. ब्लेझचा आधीचा बँड वुल्फ्सबेन 1990मध्ये मेडनच्याच दौऱ्यावर त्यांच्या आधी वाजवायचा.

आपल्याकडे गाणारा बदलला की तंबोरे त्याच्या पट्टीत लावले जातात, तबलाही त्या पट्टीचा निघतो. काळी एकचा गायक काळी चारमध्ये गायला बसवून मग ‘याला वर जाता येत नाही’ म्हणणाऱ्याला आपण हसू. मेडनने दौऱ्यावर नेमकं तेच केलं. ब्रूससाठी बांधलेली गाणी ब्लेझने त्याच मूळ पट्टीत, रात्रीमागून रात्र गायची. आवाजाने दगा दिला, अमेरिकेतले काही शो रद्द झाले आणि ‘ब्लेझला गाता येत नाही’ हा शिक्का कायमचा बसला. लोक तो शिक्का अल्बमवरही मारतात, आणि माझा आक्षेप तिथे आहे.

कारण अल्बमचं लेखन त्याचा आवाज समोर ठेवून झालेलं आहे. 11 गाण्यांपैकी पाचांच्या श्रेयात ब्लेझचं नाव आहे. बेसिस्ट आणि मुख्य गीतकार स्टीव्ह हॅरिस तेव्हा घटस्फोटातून जात होता. युद्धातून परतलेला सैनिक, रात्री दोनला एकटा बसलेला माणूस, श्रद्धा हरवलेला माणूस अशी माणसं या गाण्यांत भेटतात. ‘मॅन ऑन द एज’ हे ‘फॉलिंग डाउन’ या सिनेमातल्या, ट्रॅफिकमध्ये गाडी सोडून चालू पडणाऱ्या नोकरदारावर आहे. मेडनच्या जुन्या गाण्यांत शूर लोक फार. इथे थकलेले लोक आहेत, आणि थकलेल्या माणसाला असा आवाज शोभतो.

‘साइन ऑफ द क्रॉस’ ऐका. अकरा मिनिटांचं हे गाणं उम्बर्तो इकोच्या ‘द नेम ऑफ द रोज’वरून सुचलेलं. मठातल्या साधूंच्या पठणासारखा समूहस्वर, मग दबकत येणारा बेस, आणि ब्लेझ जवळजवळ बोलल्यासारखा सुरुवात करतो. हेच गाणं ब्रूसने 2001मध्ये ‘रॉक इन रिओ’ला गायलं. ते रेकॉर्डिंग भव्य आहे, गायकीत सरस आहे, पण ब्रूस त्या भीतीची कथा सांगतो. ब्लेझ त्या भीतीत उभा असतो. मला अल्बममधलं जास्त लागतं.

दोष आहेतच. अल्बम सुमारे 71 मिनिटांचा आहे आणि त्यातली दहा-बारा तरी सहज कापता आली असती. हॅरिसच्या स्वतःच्या बार्नयार्ड स्टुडिओत झालेलं ध्वनिमुद्रण कोरडं आहे. गिटार अंगावर यायला हवी तिथे ती भिंतीपलीकडून ऐकू येते. संथ सुरुवात, मग घोडदौड, मग पुन्हा संथ, हा साचा इतक्यांदा येतो की ‘फॉर्च्युन्स ऑफ वॉर’पर्यंत पुढचं वळण आधीच कळतं. ‘लूक फॉर द ट्रुथ’च्या ध्रुवपदात ब्लेझचा आवाज ताणला जातो, तेही खरं. पण लांबी, मिक्सिंग आणि साचा हे निर्णय हॅरिसचे. नायजेल ग्रीनसोबत निर्माताही तोच होता. त्या निर्णयांचं बिल मात्र नव्या गायकाच्या नावाने फाडलं गेलं. 1992चा ‘फिअर ऑफ द डार्क’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला होता, हा आठव्यावर थांबला. बोट दाखवायला एक माणूस समोर होताच.

बँडचं स्वतःचं मत काय, ते त्यांच्या गाण्यांच्या यादीवरून कळतं. 1 फेब्रुवारी 2008ला मेडनचा जागतिक दौरा मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात सुरू झाला तेव्हा ब्लेझच्या काळातलं एकही गाणं वाजलं नाही. दौराच ऐंशीच्या दशकातल्या गाण्यांचा होता. पण 2018पासूनच्या ‘लेगसी ऑफ द बीस्ट’ दौऱ्यात ‘साइन ऑफ द क्रॉस’ होतं, आणि ब्लेझच्याच दुसऱ्या अल्बममधलं ‘द क्लान्समन’सुद्धा. वाया गेलेल्या वर्षांतली गाणी कोणी वीस वर्षांनी स्टेडियममध्ये वाजवत नाही.

सुरुवात करायची तर ‘साइन ऑफ द क्रॉस’, ‘द एज ऑफ डार्कनेस’ आणि ‘टू ए.एम.’ ही तीन ऐका. हेडफोन लावून, रात्री, आणि मधे ब्रूसचं काही न लावता. त्याचा आवाज कानात घुमत असेल तर ब्लेझ उणाच वाटणार. तो गेला की मग ठरवा.