एकट्याने बांधलेलं घर: एका फिल्मविषयी

आज मी एकाच फिल्मवर बोलणार आहे. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ती पाहिली असेल, निदान तुकड्यातुकड्यांत तरी. ‘अलोन इन द वाइल्डरनेस’. अलास्काच्या डोंगरांत, ट्विन लेक्स नावाच्या जोडतळ्यांच्या काठी, डिक प्रेनेकी नावाचा माणूस हातानं लाकडाचं घर बांधतो, एवढीच गोष्ट. १९६८ साली तो तिथे राहायला गेला तेव्हा ५२ वर्षांचा होता. आयुष्यभर डिझेल इंजिनं दुरुस्त केलेली, त्याआधी नौदलात सुतारकाम. सोबत बोलेक्सचा सोळा मिलिमीटरचा कॅमेरा. आपणच तिपाईवर लावायचा, चालू करायचा आणि त्याच्या समोर जाऊन काम करायचं. ते सगळं चित्रीकरण जोडून बॉब स्वेरर यांनी फिल्म तयार केली. प्रेनेकी वारला २००३ साली. त्या सुमारास ती अमेरिकेतल्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर दाखवू लागले, आणि मग ती जगभर पसरली.

मी ती पहिल्यांदा पाहिली ती अप्पांच्या शेजारी बसून. अप्पा म्हणजे माझे वडील. आमचं घर सुताराचं, कोकणातलं. त्यांचे गुडघे गेले होते, काम सुटलं होतं, दिवस जाता जात नसे. म्हटलं, यांना हे आवडेल. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण वाकस चालताना बघायला इंग्रजी कशाला लागतं? पाचेक मिनिटं झाली असतील. अप्पा म्हणाले, “अगं, थांबव जरा. हे लाकूड तोडलं कधी?”

मी म्हटलं, आत्ताच तोडलं असेल. “छे,” म्हणाले, “हे सुकलंय. रंग बघ त्याचा.”

त्यांचं खरं होतं. प्रेनेकीनं स्प्रूसची झाडं आदल्या वर्षीच्या, म्हणजे १९६७ च्या उन्हाळ्यात तोडली, साली काढल्या आणि ओंडके रचून ठेवले. वर्षभर ते वाळले. आपण बर्फातलं घर म्हणून जे बघतो ते बर्फात बांधलेलं नाहीच. ते उन्हाळ्यात बांधलं, बर्फ येणार म्हणून बांधलं. त्या फिल्मचा सगळा ताण यातच आहे. घड्याळ चालू आहे. भिंती झाल्या, छप्पर झालं, आता शेकोटीचे दगड रचायचेत, आणि डोंगराच्या माथ्यावर पांढरं दिसायला लागलंय.

हे मुद्दाम सांगते, कारण आता याच धर्तीवरचे शेकडो व्हिडिओ निघालेत. कमरेइतक्या बर्फात एक दाढीवाला माणूस उभा, पहिल्या मिनिटाला कुऱ्हाड, विसाव्या मिनिटाला चिमणीतून धूर. दिसायला सुरेख असतं, नाही म्हणत नाही. मीही रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बघितलेत. (हशा) पण कामाच्या बाजूनं विचार करा. भेगांत भरायचं शेवाळ बर्फाखाली गाडलेलं. दगड जमिनीला चिकटून गोठलेले. माती कालवायची म्हटली तर पाणी गोठतंय. आणि ओल्या लाकडाची भिंत रचली तर ते आटत जातं, भिंत खाली बसते, दाराची चौकट आवळली जाते. म्हणून तर अशा घरांत दाराखिडक्यांच्या वर मोकळी फट सोडतात. थंडीच्या मुलखात हिवाळा कामाचा असतोच, पण वेगळ्या कामाचा. झाडं तोडायची, बर्फावरून घसरगाडीनं ओंडके ओढून आणायचे. जे उन्हाळ्यात दलदलीतून हलणार नाही ते बर्फावरून सरकतं. ज्यांचं आयुष्य त्या हवामानात गेलं त्यांनी ऋतू वाटून घेतले होते. व्हिडिओवाल्याला सगळं एकाच ऋतूत हवं, कारण बर्फ छान दिसतो.

प्रेनेकीच्या फिल्ममध्ये ही लबाडी नाही. हत्यारांची नुसती पाती घेऊन गेला होता, दांडे तिथल्या लाकडाचे तिथेच केले. ओंडक्यावर ओंडका बसवताना तो खाच वरच्या ओंडक्याच्या पोटाला पाडतो, खालच्याच्या पाठीला नाही. का, ते फिल्म सांगत नाही. अप्पांनी सांगितलं: वर खाच ठेवली तर पाणी साचेल, लाकूड कुजेल. आधी खालच्या ओंडक्याचा गोलावा कंपासनं वरच्यावर उतरवतो, मग तेवढंच कोरतो, फिरवून बसवतो, परत उचलतो, परत थोडं तासतो. फिल्ममध्ये हे काही सेकंदांत होतं. अप्पा म्हणाले, एका कोपऱ्याला अर्धा दिवस धर.

आता माझी तक्रार. ती चित्रांबद्दल नाही, आवाजाबद्दल आहे. निवेदन प्रेनेकीच्या रोजनिशीवरून केलेलं, ‘मी’ म्हणून बोलणारं, पण आवाज स्वेरर यांचा. जिथे तो आवाज फक्त काम सांगतो तिथे उत्तम. जिथे तो माणसाला किती थोडं लागतं, आपण किती पसारा जमवतो, असं काही सांगू लागतो, तिथे मला कॅलेंडरवरचं सुवचन ऐकल्यासारखं होतं. समोर माणूस दाराची बिजागरी लाकडातून कोरतोय, अहो, लोखंडाची नाही, लाकडाची! आणि तुम्ही मला साधेपणा समजावताय?

आणि ‘एकटा’ या शब्दाचं काय? फिल्म विमान लपवत नाही, हे आधी कबूल करते. बेब ऑल्सवर्थ नावाचा वैमानिक सामान, पत्रं घेऊन तळ्यावर उतरतो, ते आपण बघतो. घर होईपर्यंत प्रेनेकी मित्राच्या तयार घरात राहिला. छपरावर शेवाळाखाली डांबरी कागद आहे. हे सगळं फिल्ममध्ये आहे किंवा त्याच्या नोंदींत आहे. विसरतो तो प्रेक्षक. आपल्याला एकटेपणा इतका हवा असतो की विमान दिसूनही दिसत नाही.

ही खोड जुनी आहे. थोरोचं वॉल्डन आपल्याकडे दुर्गाबाईंनी आणलं, ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ म्हणून. पुष्कळांच्या मनात त्यातलं राहिलं ते ‘जंगलात एकटा’. पण थोरो स्वतःच लिहून ठेवतो की कुऱ्हाड उसनी आणली, सांगाडा उभारायला ओळखीचे लोक आले. फळ्या कुठल्या? रेल्वेवर मजुरी करणाऱ्या कॉलिन्स नावाच्या आयरिश माणसाची झोपडी सव्वाचार डॉलरला विकत घेऊन मोडली, त्या. घराचा एकूण खर्च २८ डॉलर साडेबारा सेंट. हा आकडा सगळे कौतुकानं सांगतात. एक कुटुंब पहाटे गाठोडं घेऊन रस्त्याला लागलं, ते कोणी सांगत नाही. थोरोनं मात्र सांगितलंय.

‘वाइल्डरनेस’ या शब्दाचंही तसंच. ट्विन लेक्स आज लेक क्लार्क राष्ट्रीय उद्यानात येतं. तो सगळा मुलूख देनाइना लोकांचा. लेक क्लार्कच्या काठी किजिक हे त्यांचं मोठं गाव होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, साथींनी माणसं गेल्यावर, उरलेले उठून दुसरीकडे गेले. प्रेनेकीला जे निर्मनुष्य दिसलं ते साठ-सत्तर वर्षांपूर्वीपर्यंत तसं नव्हतं. हा त्याचा दोष म्हणून मी सांगत नाही. पण फिल्मच्या नावातला हा शब्द इतका सहज घेऊ नये, एवढंच.

एक गोष्ट मात्र मला उशिरा दिसली, तिसऱ्यांदा बघताना. या फिल्मचा बराच वेळ घरकामात जातो. आंबवलेल्या पिठाची बिस्किटं, बीन्स शिजवणं, लाकडाचा चमचा कोरणं, पेट्रोलचे डबे कापून त्यांची भांडी करणं. आणि ते बघायला फार छान वाटतं. माझी आई आयुष्यभर हेच करत आली. चुलीपुढे, डब्याचा पत्रा कापून, रोज. त्याचं कोणी निवेदन केलं नाही. पुरुषानं एकट्यानं केलं की ते साहस होतं, बाईनं केलं की ती घरी असते. (हशा) हसताय, पण मी रागानं सांगत नाहीये. उलट प्रेनेकीचं श्रेय असं की तो या दोन कामांत फरक करत नाही. भिंत जशी नेटकी, तशीच भांड्यांची मांडणी नेटकी. आमच्या घरात ते वेगळं होतं. रंधा माझ्या भावाच्या हातात, केर माझ्या हातात. मी अप्पांना त्या दिवशी विचारलं, मला का नाही शिकवलं? ते म्हणाले, “तू कधी मागितलं नाहीस.” खरं म्हणजे मागितलं होतं. त्यांना आठवत नव्हतं.

कॅमेऱ्याबद्दल एक, आणि थांबते. फिल्ममध्ये तो पाठीवर पिशवी घेऊन बर्फातून लांब जाताना दिसतो, ठिपका होईपर्यंत. फार गाजलेली चौकट आहे. अप्पा लगेच म्हणाले, “मग हे यंत्र आणायला मागे आला असणार.” तेवढंच अंतर परत, मग पुन्हा पुढे. एकटेपणा दाखवायला त्याला ती वाट तीनदा तुडवावी लागली. फिल्म ते दाखवत नाही, दाखवू शकतही नाही. पण एकदा कळलं की ती चौकट पहिल्यासारखी दिसत नाही, जास्तच आवडते.

प्रेनेकी पहिल्यांदा साधारण १६ महिने राहिला, खाली आला, परत गेला, आणि असं करत तीसेक वर्षं त्या घरात काढली. उणे ४० च्या खालचे हिवाळे त्या भिंतींनी झेलले. आता ते घर उद्यानाच्या ताब्यात आहे, जपलेलं आहे.

अप्पांनी त्या पावसाळ्याआधी फणसाच्या लाकडाची तसली बिजागरी करून बघितली. बसून करता येण्यासारखं काम होतं. गिरमिट मला धरायला दिलं. जूनमध्ये लाकूड फुगलं आणि ती अडकून बसली. पुन्हा तासली, खुंटी बारीक केली आणि कोंबड्यांच्या खुराड्याला लावली. अजून आहे. पावसात दार थोडं उचलून लावावं लागतं.

बरं, कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा.