सव्वातीन गिगाबाइट आणि एक अपुरे उत्तर

संगणकात ४ गिगाबाइट मेमरी बसवली आहे, मग पडद्यावर ‘वापरण्याजोगी ३.२५ गिगाबाइट’ असे का दिसते? शाळांच्या प्रयोगशाळांत ३२ बिट विंडोज ७ वर चालणारा एखादा जुना संगणक अजून तग धरून असेल, तर विद्यार्थ्यांना हे स्वतः पाहता येईल. दुकानदाराने फसवले, ही मुलांची पहिली शंका. त्यावरचे शिक्षकांचे उत्तर ठरलेले असते: ‘संगणक ३२ बिटांचा आहे, २ चा ३२ वा घात म्हणजे ४ गिगाबाइट, त्यापलीकडची मेमरी त्याला दिसत नाही.’

यातला गुणाकार बरोबर आहे. २ चा ३२ वा घात ४,२९,४९,६७,२९६ येतो, आणि प्रत्येक बाइटला एक पत्ता दिला तर तेवढ्या पत्त्यांत नेमकी ४ गिगाबाइट मेमरी मावते. पण प्रश्न ४ च्या पलीकडचा नव्हताच! मेमरी ४ गिगाबाइट, पत्तेही तेवढ्यांना पुरतील इतके. म्हणजे या उत्तराप्रमाणे एकही बाइट वाया जायला नको. मग पाऊण गिगाबाइट गेले कोठे? ज्या आकड्याचा उलगडा करायचा, तो आकडाच या उत्तरातून निघत नाही. तरीही उत्तरात एक घात आणि एक मोठी संख्या असल्यामुळे ते शास्त्रीय वाटते आणि पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही.

खरी गोष्ट अशी की पत्ता म्हणजे घर नव्हे. समजा, एका गावात घरांच्या पाट्यांवर तीनच अंक मावतात. म्हणजे ००० ते ९९९ असे हजार क्रमांक झाले. ग्रामपंचायतीने त्यातले ८०० पासूनचे क्रमांक शाळा, दवाखाना, चावडी यांच्यासाठी राखून ठेवले. आता गावात हजार घरे बांधली, तरी शेवटच्या दोनशे घरांना क्रमांक मिळणार नाही. घरे आहेत, माणसे राहायला तयार आहेत, पण पोस्टमन तिकडे फिरकणार नाही. संगणकातही प्रोसेसर केवळ मेमरीलाच पत्त्याने हाक मारतो असे नाही. पडद्याचे चित्र सांभाळणारे ग्राफिक्स कार्ड, नेटवर्कचे कार्ड, संगणक सुरू करणारी रॉम, या सर्वांशी तो पत्त्यांद्वारेच बोलतो. ग्राफिक्स कार्डाने २५६ मेगाबाइटइतके पत्ते मागितले की तेवढे पत्ते मेमरीच्या हातून गेले. म्हणूनच एका संगणकावर ३.२५, दुसऱ्यावर ३.५, तर मोठे कार्ड असलेल्या तिसऱ्यावर त्याहूनही कमी आकडा दिसतो. केवळ ३२ व्या घाताने हे ठरत असते, तर सगळीकडे एकच आकडा दिसला असता.

ही अडचण गिगाबाइटच्या काळातली नाही. १९८४ मध्ये ‘क्लास’ प्रकल्पातून आपल्याकडच्या शाळांत बीबीसी मायक्रो हे संगणक आले, ते काही ज्येष्ठ शिक्षकांनी हाताळलेले असतील. त्याच्या ६५०२ प्रोसेसरला एकूण ६४ किलोबाइटचे पत्ते होते. मॉडेल बी मध्ये त्यातले निम्मे, म्हणजे ३२ किलोबाइट, रॅमला होते. बाकीचे रॉम आणि उपकरणांना. यातली गंमत पाहण्यासारखी आहे. ऑपरेटिंग सिस्टिमची रॉम १६ किलोबाइटची होती, पण तिच्यातल्या ७६८ बाइटांच्या पत्त्यांवर उपकरणे बसवलेली होती. त्यामुळे रॉमचा तेवढा भाग असूनही नसल्यासारखा होता. संगणक घडवणाऱ्यांनी त्या न दिसणाऱ्या जागेत काय लिहून ठेवले? संगणकाच्या निर्मितीला हातभार लावणाऱ्यांची नावे आणि त्यांचे आभार! सव्वातीन गिगाबाइटचे कोडे हे याच ७६८ बाइटांचे मोठे भावंड आहे. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्येही हेच घडले होते. १०२४ किलोबाइटांचे पत्ते, त्यातले ३८४ पडदा आणि रॉम यांच्यासाठी राखीव, आणि प्रोग्रॅमांना उरलेले ६४०.

बीबीसी मायक्रोच्या उदाहरणाने ठरलेल्या उत्तराचे दुसरे वैगुण्यही उघडे पडते. ६५०२ हा ८ बिटांचा प्रोसेसर. ‘जितके बिट, तितका घात’ हा नियम लावला तर त्याला २ चा ८ वा घात, म्हणजे जेमतेम २५६ बाइट मिळायला हवे होते. प्रत्यक्षात त्याला पत्त्याच्या १६ तारा होत्या, म्हणून ६४ किलोबाइट. आयबीएम पीसीतल्या ८०८८ मध्ये १६ बिटांची गणिते होत, पण पत्त्याच्या तारा २० होत्या. प्रोसेसर एका वेळी किती बिटांचे गणित करतो आणि पत्ता किती बिटांचा लिहितो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘३२ बिटांचा संगणक’ असे म्हणताना त्या एकमेकींत मिसळतात.

आता सर्वात महत्त्वाचा भाग, जो ठरलेल्या उत्तरात मुळीच येत नाही. इंटेलने १९९५ मध्ये पेंटियम प्रो हा प्रोसेसर बाजारात आणला. तो ३२ बिटांचाच होता, पण त्यात मेमरीचा पत्ता ३६ बिटांपर्यंत नेण्याची सोय होती. २ चा ३६ वा घात म्हणजे ६४ गिगाबाइट. पुढे मायक्रोसॉफ्टने विंडोज व्हिस्टाची सुधारित आवृत्ती आणि विंडोज सर्व्हर २००८ ही दोन्ही २००८ च्या सुरुवातीला, एकाच गाभ्यावर तयार केली. व्हिस्टाच्या ३२ बिट आवृत्तीला ४ गिगाबाइटांची मर्यादा, तर सर्व्हरच्या ३२ बिट एंटरप्राइझ आवृत्तीला ६४ गिगाबाइटांची. बिट तेवढेच, गाभा तोच! म्हणजे इथली मर्यादा ३२ व्या घाताने नव्हे, तर माणसांनी घातलेली होती. त्यामागचे कारण मायक्रोसॉफ्टचे अभियंते मार्क रसिनोविच यांनी २००८ मध्येच लिहिले होते. घरगुती संगणकांवर वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे चालवणारे अनेक ड्रायव्हर प्रोग्रॅम ४ गिगाबाइटच्या वरचा पत्ता आला की गोंधळत, आणि संगणक बंद पडे. म्हणून वरचे पत्ते वापरायचेच नाहीत असे ठरले. कारण पटण्याजोगे आहे. महागड्या आवृत्तीला वेगळे स्थान राहावे हा व्यापारी हिशेबही त्यात होता, असे मला वाटते; पण ते माझे मत झाले. कसेही असले तरी एका कंपनीचा निर्णय आपण वर्गात निसर्गनियम म्हणून शिकवत आलो, हे काही बरे नाही.

आजच्या ६४ बिट संगणकांवर पत्त्यांची टंचाई नाही. २०२१ ची विंडोज ११ तर फक्त ६४ बिटांतच मिळते. तरीही ८ गिगाबाइटच्या लॅपटॉपवर ‘वापरण्याजोगी’ म्हणून ७.७ किंवा ७.८ असा आकडा दिसतो, आणि तिथेही कोणीतरी सवयीने ३२ व्या घाताकडे बोट दाखवतो. इथे पत्ते कमी पडलेले नाहीत. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसले की पडद्याच्या चित्रासाठी खरोखरच मुख्य मेमरीतला एक तुकडा काढून ठेवतात. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर ‘हार्डवेअर रिझर्व्ह्ड’ असा आकडा असतो, तो मुलांना शोधायला सांगा. काही संगणकांवर बायॉसच्या सेटिंगमध्ये ग्राफिक्ससाठीची मेमरी बदलता येते. ती वाढवली की हा आकडा वाढतो आणि वापरण्याजोगी मेमरी तेवढीच घटते.